कोथिंबीर संपेपर्यंतचा सिनेमा

आमच्या घरी सिनेमा कुणी पाहत नसे. तो सांगितला जाई, आणि तोही फक्त रविवारी, दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत, कोथिंबिरीच्या ढिगाभोवती बसून. सांगणारा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ. ऐकणारे आम्ही दोघं, मी आणि माझ्या पाठचा बाळू. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, हेही तिथेच जुड्या बांधत बसलेले असत, पण आपण सिनेमा ऐकतो आहोत हे त्या दोघांनी कधी कबूल केलं नाही. दादा तर ऐन मारामारीच्या वेळी मुद्दाम खाकरत. तरी एकदा गोष्ट अर्धी राहिली आणि अण्णा दोन दिवस तापाने पडून होता, तेव्हा दादा त्याच्या उशाशी बसले, कपाळाला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाले, "बरं, मंग त्या मगरीनं सोडलं का त्याला?"

नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या अलीकडे, पाटाच्या पाण्यावर आमचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, पालक, बांधाच्या कडेने झेंडू. आज तिथे चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्या मागच्या दहा गुंठ्यांत अण्णा अजून कोथिंबीर लावतो, वरच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेले टॉवेल तिच्यावर येऊन पडतात. त्या वेळी घरातला पहिला आवाज म्हणजे अण्णाच्या सायकलचा. पहाटे तीनला उठून तो कॅरिअरवर आणि दोन्ही बाजूंना ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुड्या बांधायचा. सायकल अशी काही कुरकुरायची की जणू तिलाच बाजाराला जायचा कंटाळा आलाय. मी गोधडीतून तो आवाज ऐकायची आणि कूस बदलून पुन्हा झोपायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे ते माझ्या अंगाशी आलं.

नऊपर्यंत अण्णाचा माल विकला जाई. मग रविवारी तो टॉकीजमध्ये जायचा. तिथे सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागत. टॉकीजच्या कँटीनवाल्याला मिसळीवर घालायला रोज ताजी कोथिंबीर लागायची. ती अण्णा द्यायचा आणि त्या बदल्यात तो अण्णाला सगळ्यात मागच्या रांगेत नेऊन बसवायचा. दादांना हा व्यवहार पसंत होता. बाजार उरकला की पोरगं गावात उंडारणार, त्यापेक्षा तीन तास एका जागी बसलेलं बरं, असं त्यांचं मत. मी मुलगी, बाळू लहान, शिवाय रविवारी सकाळी सोमवारच्या बाजाराची कोथिंबीर उपटायला हात कमी पडत, म्हणून आमचा नंबर लागायचा प्रश्नच नव्हता. अण्णा दोनच्या सुमाराला परत यायचा. आई टोपल्याखाली झाकलेली बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा त्याच्यापुढे ठेवायची. जेवताना सिनेमा काढायचा नाही, हा घरचा कडक नियम. आम्ही दोघं समोर बसून त्याचं चावणं बघायचो. तोही मेला एकेक घास बत्तीस वेळा चावायचा.

मग ढिगाशी बैठक बसे. मुळांची माती झटकायची, पिवळी पानं काढायची, मूठभर काड्या सारख्या करायच्या आणि केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्याने गाठ मारायची. अण्णाच्या सिनेमाचा एकच कायदा होता. ढीग संपला की सिनेमा संपला. ढीग मोठा असला की कॅप्टन एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाई, उपाशी राही, पकडला जाई, सुटे, पुन्हा पकडला जाई. आणि ज्या वर्षी अवकाळीने अर्धी कोथिंबीर सडली, त्या वर्षी आख्खं वाळवंट त्याने वीस मिनिटांत ओलांडलं. बाळूने विचारलं, "एवढ्या लवकर?" तर अण्णा म्हणाला, "उंट चांगला व्हता." मला या कायद्याचा लवकरच उलगडा झाला होता. मी काय करायची, की बांधलेली जुडी फ्रॉकच्या आड घेऊन हळूच सोडायची आणि काड्या पुन्हा ढिगात सरकवायची. एका रविवारी आईने जुड्या मोजल्या आणि म्हणाली, "मघाधरनं चार-पाच जण बांधताय, ह्या वाढत का नाय?" मग तिने माझ्या फ्रॉकचा घेर उचलून बघितला. पाठीत बसलेला तो धपाटा मला अजून आठवतो. पण त्या दिवशी कॅप्टन दोन मगरी जास्त लढला होता, त्यामुळे सौदा वाईट नव्हता.

कॅप्टन म्हणजे कॅप्टन टोबिन. एका पायाने अधू, डोक्याला लाल रुमाल, आणि जगात जे जे हरवलं असेल ते शोधायला निघणारा. त्याचे तीन सिनेमे आले, पहिला बेटाचा, दुसरा वाळवंटाचा आणि तिसरा बर्फाचा. अण्णाला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याचं काही अडत नसे. टोबिन त्याच्या तोंडून आमच्यासारखंच बोलायचा. आम्हाला मात्र टोबिनपेक्षा त्याच्या जहाजावरचा आचारी जास्त आवडायचा. त्याचं नाव खंडू, गाव सिन्नर. इंग्रजी जहाजावर सिन्नरचा माणूस कसा, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही, कारण आमच्या माहितीप्रमाणे सिन्नरची माणसं सगळीकडे होती. खंडूला पोहता येत नसे, तो सतत कुरकुर करी आणि ऐन वेळी असं काहीतरी करी की टोबिन वाचे. बेटावरच्या सरदाराने टोबिनला खांबाला बांधलं तेव्हा खंडूने त्या सरदाराला भाकरीवर ठेचा वाढला. पहिला घास घेतल्यावर सरदार जो समुद्राकडे पळाला, तो परत आलाच नाही. हे ऐकताना आई इतकी हसली की तिच्या हातातली जुडी सुटली. मग भानावर येऊन ती म्हणाली, "पुरं झालं. हात चालवा."

आम्ही वाढलो त्या खंडूच्या जेवणावर, असं म्हटलं तरी चालेल. बाळू लहानपणापासून चुका काढणारा. समुद्राचं पाणी खारट तर मग त्यांनी डाळ कशात शिजवली, असं विचारणारा. तो पुढे नाशिक रोडला छापखान्यात तपासणीला लागला आणि कागदावरची रेघ केसभर सरकली तरी पकडायची, या कामात त्याने उभी हयात घालवली. मी भूगोलाची शिक्षिका झाले. ते टोबिनच्या बेटामुळेच. तिथे ज्वालामुखी फुटायच्या आधी पांढरे पक्षी थव्याने उडून जातात आणि ते बघून एकटा खंडू ओळखतो की आता पळायला हवं. हा दाखला मी तीस वर्षं वर्गात दिला. अण्णाने सातवीनंतर शाळा सोडली होती. तो मळ्यातच राहिला. सिनेमे थांबले, टॉकीज पडली, आई-दादा गेले. ते तीन सिनेमे मी कधी पाहिले नाहीत. कुठे लागले असतील तरी मी शोधायला गेले नाही. पाहिलेला सिनेमा पुन्हा कशाला पाहायचा? आपण तो पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला आहे, हे मी प्रामाणिकपणे विसरून गेले होते.

आणि मग एवढ्या वर्षांनी टोबिन परत आला. नवा सिनेमा निघणार, त्यात टोबिनची नात कॅप्टन होणार, आणि त्यानिमित्ताने जुने तिन्ही सिनेमे धुऊनपुसून घरच्या टीव्हीवर बघायला मिळणार, अशी बातमी अण्णाची नात सई हिने मला दिली. ती कॉलेजात शिकते आणि टोबिनची वेडी आहे. तिने मला मोबाइलवरच्या एका गटात घेतलं. गटात पन्नासेक टोबिनवेडे होते, बहुतेक पंचविशीतले. त्यांचा म्होरक्या अद्वैत नावाचा पुण्याचा मुलगा. हे लोक रविवारी दुपारी एकत्र सिनेमा बघायचे. एकत्र म्हणजे आपापल्या घरी. टीव्हीवर सिनेमा, मोबाइलवर सगळ्यांचे चेहरे चौकोनांत, आणि अद्वैतने "तीन, दोन, एक" म्हटलं की सगळ्यांनी एकदम सिनेमा सुरू करायचा. मी बाळूलाही गटात ओढलं. तो "तीन"लाच बटण दाबायचा. त्यामुळे टोबिन यायच्या आधी सरावाला म्हणून लावलेल्या पाणबुडीच्या एका सिनेमात बाळू आमच्या आधी हसायचा आणि मग आम्हाला कळायचं की आता विनोद येणार.

गटात गप्पा चालल्या होत्या की टोबिनच्या साथीदारांत सगळ्यात आवडता कोण. मी लिहिलं, "आचारी." अद्वैतचं लगेच उत्तर, "काकू, सॉरी हं, पण टोबिनच्या जहाजावर आचारी नाहीये." मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, मी बर्फाचा सिनेमा अकरा वेळा पाहिलाय. मी म्हटलं, बेटाचा बघ. तो म्हणाला, बेटाचा मिळतच नव्हता, आता येतोय. इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या नाकावर राग, आणि तीस वर्षं वर्गात उलट उत्तर ऐकायची सवय नाही. मी ठोकून दिलं की मूळ सिनेमात एक हिंदुस्थानी आचारी होता, मिरचीच्या जोरावर त्याने टोबिनला वाचवलं होतं, आणि तो भाग पुढे कापला असणार.

त्याने आग लागली. दोन दिवसांत अद्वैतने "हरवलेला आचारी" या मथळ्याचं एक लांबलचक टिपण लिहिलं. त्या काळात परदेशी सिनेमातून आपल्या माणसाला कसं कापून टाकत, यावर त्याने इतकं अभ्यासपूर्ण विवेचन केलं की मलाही भरून आलं. कोल्हापूरच्या एका मुलीने खंडूचं चित्र काढलं, मुंडासं, मिश्या आणि हातात पाटा-वरवंटा. ते चित्र कुणीतरी बनियनवर छापून घेतलं. मग ठरलं की ज्यांनी सिनेमा काढला त्यांना गटाने पत्र पाठवायचं, आमचा आचारी परत द्या म्हणून. पत्राखाली साक्षीदाराचं नाव हवं होतं. मूळ सिनेमा टॉकीजमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस. अद्वैतने मला विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः पाहिला होता ना?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी पाहिला नव्हता. मी लिहिलं, "माझ्या थोरल्या भावाने पाहिलाय. तो येत्या रविवारी आपल्याबरोबर बसेल आणि सांगेल." पन्नास जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

अण्णाला सांगायला मी मखमलाबादला गेले. तो वाफ्यात वाकून बसला होता. सगळं ऐकल्यावर त्याने एक काडी उपटली, तिची माती झटकली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"मी कशाला गं? पोरापोरींत म्हाताऱ्याचं काय काम?"

"फक्त बसायचं. आणि शेवटी सांगायचं, की होता म्हणून."

"लय वर्षं झाली सुमे. मला आता काय आठवतंय?"

"तुला? सरदाराच्या कानातली बाळी कुठल्या कानात होती तेसुद्धा तू सांगायचास!"

"ती होय? डाव्या," अण्णा म्हणाला आणि पुन्हा वाकून बसला. त्याला यायचं नाही हे मला दिसत होतं. पण मी म्हटलं, वयामुळे संकोचतोय. मी त्याला गळ घातली, वर आईची शपथ घातली. तो नाइलाजाने हो म्हणाला.

रविवारी दोन वाजता सईने अण्णाला टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवलं आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी माझ्या घरी, गंगापूर रोडला. चौकोनात अण्णा दिसला, स्वच्छ टोपी, इस्त्रीचा सदरा, मुलगी बघायला निघाल्यासारखा. सगळ्यांनी "अण्णा, नमस्कार" असा एकच गलका केला. त्याने दोन्ही हात जोडले तेव्हा तो मला फार गोड वाटला आणि मनातून जरा केविलवाणाही. "तीन, दोन, एक" झालं. बाळू अर्थातच पुढे निघून गेला.

पहिली दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. धुक्यातलं बंदर. दोरखंडावर बसलेली एका डोळ्याची मांजर. लाल रुमाल बांधलेला टोबिन लंगडत येतो आणि म्हाताऱ्या दुकानदाराकडून निळ्या काचेचा कंदील घेतो. काळ्या कपड्यातली विधवा फाटका नकाशा त्याच्या हातात ठेवते. जहाजाची घंटा दोनदा वाजते. सगळं, अगदी सगळं अण्णाने सांगितलं होतं तसं! मांजरीचा कुठला डोळा गेला होता तेसुद्धा. माझे डोळे भरून आले. मी गटात लिहिलं, "बघा! याला म्हणतात साक्षीदार." आता जहाज बंदर सोडणार आणि खंडू हातात परात घेऊन वर येणार, म्हणून मी खुर्चीच्या काठावर सरकले.

जहाजाने बंदर सोडलं. परात घेऊन कुणी आलं नाही. आली ती एक गोरी बाई, आणि तिने टोबिनबरोबर नाच सुरू केला. नाच संपेना. मी गोंधळून मोबाइलकडे पाहिलं. तेवढ्यात अद्वैत हळूच म्हणाला, "कुणाचा तरी माइक चालू आहे का? घरघर येतीये." सगळ्यांनी आपापले माइक तपासले. घरघर अण्णाच्या चौकोनातून येत होती. त्याची हनुवटी छातीला टेकली होती, टोपी एका बाजूला कलली होती आणि तो गाढ, लहान मुलासारखा झोपला होता. सईचा हात त्याला हलवायला पुढे आलेला दिसला. का कोण जाणे, मी जवळजवळ ओरडलेच, "सई, नको उठवूस त्याला!"

पुढचा दीड तास मी एक डोळा सिनेमावर आणि एक अण्णावर ठेवून काढला. बेटावर ज्वालामुखी नव्हता. पांढरे पक्षी नव्हते. मगर एकसुद्धा नव्हती. सरदार होता, पण तो भला माणूस निघाला आणि त्याच्या दोन्ही कानांत काही नव्हतं. पोरं समजूतदार होती, कुणी काही लिहिलं नाही. फक्त कोल्हापूरच्या मुलीने एकदा विचारलं, "आचारी अजून यायचाय का?" मग शेवट आला. जहाज परतलं, घंटा पुन्हा दोनदा वाजली, शेवटचं मोठं संगीत सुरू झालं आणि चौकोनात अण्णाने डोळे उघडले. टोबिनने तो निळा कंदील विधवेच्या खिडकीत ठेवला, जसा अण्णाने सांगितला होता अगदी तसा, आणि अण्णाने टोपी सरळ केली. टॉकीजमध्ये दिवे लागले की माणसं उठतात तसा तो खुर्चीतून उठायलाही लागला.

सुरुवात बरोबर. शेवट बरोबर. मधलं सगळं बेपत्ता. भूगोलाच्या बाईला एवढं कळायला नकाशा लागत नाही. बाळूचाही चेहरा पडला होता. केसभर सरकलेली रेघ पकडणाऱ्या माणसाला घरातला एवढा मोठा बनाव पन्नास वर्षं दिसला नव्हता.

अद्वैतने विचारलं, "अण्णा, तो आचाऱ्याचा भाग..." माझी पाचावर धारण बसली. अण्णा पन्नास लोकांसमोर खोटा पडणार होता आणि त्याला तिथे ओढून आणणारी मी होते. मी घाईघाईने मध्ये घुसले. "अहो, प्रिंट कापलेली आहे, स्पष्ट दिसतंय, नाचानंतर एक झटका बसला बघा..."

"सुमे, थांब," अण्णा म्हणाला. "कापलंबिपलं काय नाय पोरांनो. मी झोपायचो."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पहाटं तीनला उठायचो. थेटरात गार असायचं, वर पंखा. आन् खुर्ची व्हती, पाठ टेकायची. आमच्या घरी खुर्ची नव्हती. घंटा वाजली का माझा डोळा लागायचा, तो एकदम शेवटचं गाणं वाजायला लागलं का उघडायचा. तिन्ही सिनेमे तसेच."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" बाळू म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

"कसं सांगू? मी घरी आलो का तुम्ही दोघं तोंडं वासून बसलेले. पुढ्यात हा एवढा ढीग. तुम्ही इचारायचे, मंग पुढं काय झालं? आता तुम्ही इचारलं म्हणल्यावर काय तरी व्हायलाच पाहिजे ना पुढं?"

 मग कोल्हापूरच्या मुलीने भीत भीत विचारलं, "म्हणजे अण्णा, खंडू तुमचा?"

"माझा कुठला? सिन्नरचा," अण्णा म्हणाला. आणि त्या पन्नास चौकोनांत जो हशा उसळला, त्याने तांब्याला टेकवलेला मोबाइल आडवा झाला.

सगळे हसले, मी सोडून. मी आठ दिवस अण्णाशी बोलले नाही. दर सोमवारी तो सईबरोबर मला कोथिंबिरीची जुडी पाठवतो, ती मी तशीच शेजारणीला देऊन टाकली. मला खरंच राग आला होता. तीस वर्षं मी मुलांना एका झोपलेल्या माणसाचा भूगोल शिकवला! कुणी तरी मोठा अधिकारी झालेला विद्यार्थी अजून पांढऱ्या पक्ष्यांवर विश्वास ठेवून बसला असेल. बाळूला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मला तर वाटतं, तो शेवटसुद्धा झोपेतच ऐकत असणार." आम्ही दोघांनी मिळून अण्णाला यथेच्छ शिव्या दिल्या. पण फोन ठेवता ठेवता बाळू म्हणाला, "आपल्याला मात्र सिनेमाभर कधी डुलकी लागली नाही, नाही का गं?" मी म्हटलं, "लागेल कशी? आपण रात्रभर झोपलेलो असायचो." हे माझ्या तोंडून सहज गेलं आणि मग मी तशीच फोन धरून बसले. ती कुरकुरणारी सायकल मला ऐकू आली, आणि गोधडीत कूस बदलणारी मीही दिसले. तो तीनला उठायचा म्हणून आम्ही सातला उठून शाळेत जायचो. त्याला आठवड्यातून एकदा पाठ टेकायला मिळायची, आणि ती झोपसुद्धा तो आम्हाला गोष्ट करून आणून द्यायचा. मी खूप रडले. एकटीच होते, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

इकडे गटाने पत्र पाठवायचं रद्द केलं होतं, पण खंडूला सोडायला कुणी तयार नव्हतं. नवा सिनेमा आल्यावर अण्णांनी तो सांगायचा, असा ठराव अद्वैतने मांडला आणि सगळ्यांनी उचलून धरला. अण्णा म्हणे, जमणार नाही. सईने फार आग्रह केल्यावर त्याने खरं कारण सांगितलं. रिकाम्या हाताने त्याला सुचत नाही. मग सईने गटात तशी सूचना टाकली आणि मला वेगळा फोन केला, "आत्याआजी, तू येणारेस ना?" मी म्हटलं, "ढीग मोठा ठेव."

त्या रविवारी मी सकाळीच मखमलाबादला गेले. अण्णाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "भाकरी खाल्ली का?" त्याने विचारलं. "तुझ्यासंग खाईन," मी म्हटलं. एवढ्यावर आमचं भांडण मिटलं. जेवताना सिनेमा काढायचा नाही हा नियम दोघांनीही पाळला. दोन वाजता "तीन, दोन, एक" झालं. टोबिनची नात बंदरावर आली, तिच्या हातात तोच निळा कंदील होता. घंटा दोनदा वाजली आणि अण्णाची हनुवटी छातीवर गेली. या वेळी अद्वैतने सगळ्यांना कळवलं, "आपापले माइक बंद ठेवा, अण्णा झोपलेत." आम्ही दोन तास कुजबुजतसुद्धा नव्हतो. सिनेमा बरा होता. स्फोट फार होते, पण अण्णाला एकानेही जाग आली नाही.

चार वाजता मागच्या वाफ्याशी चटई टाकून आम्ही बसलो, अण्णा, सई आणि मी, मध्ये कोथिंबिरीचा ढीग. मोबाइल पालथ्या टोपलीला टेकवलेला. चौकोनांत बघते तो प्रत्येकाच्या पुढ्यात कोथिंबीर! पुण्यात अद्वैतने बाजारातून बांधलेल्या जुड्या आणल्या होत्या आणि त्या सोडून पुन्हा बांधत होता. त्याची एकही गाठ टिकत नव्हती. कोल्हापुरात कोथिंबीर मिळाली नाही म्हणून त्या मुलीने मेथी घेतली होती. बाळूने नाशिक रोडला टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काड्या मापाने सारख्या लावल्या होत्या. अण्णाने पहिली मूठ उचलली, माती झटकली आणि सांगायला लागला. बंदर, कंदील, घंटा. जहाज निघालं. खालच्या भटारखान्यातून एक म्हातारा परात घेऊन वर आला, आता त्याचे गुडघे दुखत होते, आणि टोबिनच्या नातीला म्हणाला, "पोरी, तुझा आजा बी असाच उपाशीपोटी निघायचा."

सगळीकडून हात चालले होते. मगरी आल्या, पांढरे पक्षी उडाले, ज्वालामुखी फुटला. म्हातारा खंडू दोरीच्या पुलावर अर्ध्यात अडकला, त्याला पोहता येत नव्हतं, आणि पलीकडून सरदार येत होता. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ढिगात चारच मुठी उरल्या आहेत. अण्णाच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने आवाज जरा उतरवला होता, शेवटाकडे वळताना तो लहानपणीही उतरवायचा तसा. खरा सिनेमा मी आत्ताच पाहिला होता, डोळे उघडे ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी माझ्या शेजारची एक बांधलेली जुडी उचलून पदराआड घेतली, सोपटाची गाठ सोडली आणि काड्या हळूच ढिगात सरकवल्या. अण्णाचे हात क्षणभर थांबले. त्याने माझ्या पदराकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं, आई येत नाही ना बघावं तसं.

"मंग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"पुढं?" अण्णा म्हणाला, आणि त्याने नवी मूठ उचलली.